हौशी उपग्रह संपर्कातील दोषशोध (कोल्हापूर)

हौशी रेडिओ उपग्रहामार्फत संपर्क जुळत नसेल, मध्येच तुटत असेल किंवा एकतर्फी राहत असेल, तर कारण नेमके कोठे आहे हे हुडकून काढण्याची पद्धत म्हणजे दोषशोध. दोष चार ठिकाणी असू शकतो : स्वतःच्या केंद्रात, वेळ-दिशेच्या गणितात, वाटेतल्या आकाशात किंवा खुद्द उपग्रहात. नवखा हॅम (हौशी रेडिओ चालवणारा) बहुतेकदा पहिल्यावर संशय घेतो आणि त्यातही ताकद कमी पडते असे समजून प्रक्षेपणाचे वॅट वाढवतो. अनुभव उलट सांगतो. उपग्रहापर्यंत आवाज सहसा पोचलेला असतो, परत आलेला आवाज आपल्याला ऐकू येत नाही. म्हणून दोषशोधाची सुरुवात नेहमी कानापासून करावी, मायक्रोफोनपासून नव्हे.

पहिला हौशी उपग्रह, ऑस्कर-१, १२ डिसेंबर १९६१ रोजी सोडला गेला. भारताचा हॅमसॅट (व्हीओ-५२) ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ने कार्टोसॅट-१सोबत श्रीहरिकोट्याहून गेला. ४२.५ किलो वजनाच्या या उपग्रहाने नऊ वर्षे देशोदेशीच्या हॅमना जोडले आणि जुलै २०१४मध्ये बॅटरी निकामी झाल्यावर त्याची सेवा थांबली. आज कोल्हापुरातून प्रयत्न करणाऱ्याच्या वाट्याला मुख्यतः तीन गोष्टी येतात : आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचा रिपीटर (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून दुसरीवर लगेच परत पाठवणारे यंत्र), २००२पासून फिरणारा एसओ-५० आणि २०१९च्या डिसेंबरात गेलेला आरएस-४४. प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) विभागाचा परवाना लागतो. नुसते ऐकून शिकायला मात्र हातातला रिसीव्हर आणि घराची गच्ची पुरते.

जागा, वेळ आणि क्षितिज

कोल्हापूर १६.७ उत्तर अक्षांश आणि ७४.२ पूर्व रेखांशावर आहे. आपली जागा कळवण्यासाठी हॅम एकमेकांना नकाशातला जो चौकोन सांगतात तो इथे 'एमके ७६'. पासचे, म्हणजे उपग्रहाच्या आपल्या आकाशातून जाणाऱ्या फेरीचे, वेळापत्रक सांगणाऱ्या अ‍ॅपमध्ये हे आकडे चुकले, किंवा रेखांशाला पूर्वेऐवजी पश्चिमेचे चिन्ह लागले, तर अ‍ॅप पृथ्वीच्या दुसऱ्याच बाजूचे पास दाखवते आणि माणूस रिकाम्या आकाशाकडे अँटेना धरून उभा राहतो. दुसरी नेहमीची चूक वेळेची. अ‍ॅपमधली वेळ जागतिक प्रमाणवेळ असेल तर तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. कक्षेची माहिती महिनोन्‌महिने जुनी असली की अवकाश स्थानकासारखी, अधूनमधून कक्षा उचलली जाणारी वस्तू अंदाजाच्या पुढेमागे होते. ही माहिती आठवड्याला ताजी करावी.

क्षितिजाचा प्रश्न कोल्हापूरकराला समजावून सांगायची गरज पडू नये. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, आणि वाटेत इमारत आडवी आली की ते मूर्तीपर्यंत पोचत नाहीत. या अडथळ्यांची चर्चा शहरात वर्षानुवर्षे चालते. रेडिओ लहरींचे गणित तेच आहे. पास सुरू होतो तेव्हा उपग्रह क्षितिजालगत असतो आणि अँटेनासमोरची प्रत्येक भिंत आडवी येते. अनेकजण पश्चिमेचे पास जमले नाहीत की सह्याद्रीला दोष देतात. पन्हाळा सपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे आणि शहरापासून वीसेक किलोमीटरवर. म्हणजे तो क्षितिजाच्या जेमतेम एक अंश वर दिसतो. उलट तीस मीटरवर उभी असलेली, आपल्या गच्चीहून दहा मीटर उंच इमारत अठरा अंश आकाश खाते. आडोसा असतो तो शेजारच्या अपार्टमेंटचा किंवा पाण्याच्या टाकीचा. राजारामपुरी किंवा शाहूपुरीच्या दाटीत जो पास फसतो तोच रंकाळ्याच्या काठावर किंवा टेंबलाई टेकडीवर सहज मिळतो, आणि अशी एक फेरी कितीतरी शंका मिटवते.

अंतराचा परिणामही मोठा आहे. अवकाश स्थानक डोक्यावर असते तेव्हा सुमारे ४२० किलोमीटरवर असते, क्षितिजावर असते तेव्हा जवळपास २,३५० किलोमीटरवर. या फरकाने सिग्नल १५ डेसिबलने, म्हणजे तीसपट क्षीण होतो. पहिल्या प्रयत्नांसाठी पंचेचाळीस अंशांहून वर जाणारा पास निवडावा.

आधी कान

एसओ-५०चा प्रक्षेपक पाव वॅटचा आहे. हजार किलोमीटरवरून येणारा पाव वॅट ऐकायचा तर घरातली प्रत्येक गळती महाग पडते. साध्या आरजी-५८ केबलमध्ये ४३५ मेगाहर्ट्झला दहा मीटरमागे साडेतीन डेसिबलच्या आसपास जातात, म्हणजे अर्ध्याहून जास्त सिग्नल रेडिओपर्यंत येतच नाही. दुमजली घराच्या गच्चीवर अँटेना आणि तळमजल्यावर रेडिओ असेल तर ही गळती आणखी वाढते. उपाय दोन : केबल जाड आणि आखूड घ्यावी, किंवा प्रीअँप (क्षीण सिग्नल वाढवणारा जोड) अँटेनाशेजारीच बसवावा. रेडिओशेजारी बसवलेला प्रीअँप केबलमध्ये हरवलेले परत आणत नाही. हातात यागी (एका दिशेला रोखायची, आडव्या दांड्यांची अँटेना) धरून गच्चीवर उभे राहणाऱ्याला या भानगडी नसतात. केबल मीटरभराची, आणि शिवाय मनगट फिरवता येते. उपग्रह गिरक्या घेत असतो, त्यामुळे त्याच्या लहरींचा कल बदलत राहतो. आवाज बुडू लागला की यागी स्वतःच्या अक्षाभोवती नव्वद अंशांत फिरवून पाहावी. कित्येकदा मेलेला आवाज तिथेच उठून बसतो. लोखंडी मेजरिंग टेपच्या पट्ट्या आणि पीव्हीसी पाइप यांची घरगुती यागी या कामाला उत्तम चालते. अ‍ॅल्युमिनियमची पक्की करायची तर शिवाजी उद्यमनगरात नळी अचूक मापात कापून मिळते.

स्क्वेल्च, म्हणजे क्षीण आवाज बंद ठेवणारी रेडिओतली सोय, पूर्ण उघडा ठेवावा. पाव वॅटचा आवाज स्क्वेल्चला कचरा वाटतो आणि तो दार लावून घेतो. खरखर कानाला नकोशी वाटते, पण उपग्रह आला की ती दबते आणि तीच पहिली चाहूल असते.

मग येतो सर्वांत फसवा दोष. आपण बोलू लागलो की ऐकू येणे बंद होते. हॅम मंडळी याला 'डेसेन्स' म्हणतात. यामागे साधा गुणाकार आहे. अवकाश स्थानकाच्या रिपीटरला १४५.९९० मेगाहर्ट्झवर बोलायचे आणि ४३७.८०० वर ऐकायचे असते. १४५.९९०ची तिप्पट ४३७.९७०. आपल्याच प्रक्षेपकाचा तिसरा हार्मोनिक ऐकण्याच्या जागेपासून फक्त १७० किलोहर्ट्झवर येऊन बसतो आणि शेजारच्या रिसीव्हरचे कान बधिर करतो. एसओ-५० आणि आरएस-४४वरही हीच जोडी, १४५वर बोलणे आणि ४३५च्या पट्ट्यात ऐकणे, म्हणून त्रास तोच. प्रक्षेपणाच्या बाजूला लो-पास (फक्त खालच्या फ्रिक्वेन्सी जाऊ देणारा) फिल्टर आणि ऐकण्याच्या बाजूला हाय-पास (फक्त वरच्या जाऊ देणारा) फिल्टर, किंवा दोन्ही एकत्र असलेला डिप्लेक्सर लावला की बहुतेकदा फरक जाणवतो. दोन अँटेनांमध्ये अंतर ठेवणे आणि वॅट कमी करणे हेही उपयोगी. खात्री करायची सोपी रीत : दुसऱ्या कोणाला तरी आपले डाउनलिंक (उपग्रहावरून परत येणारा आवाज) ऐकत ठेवावे. त्याला आपला आवाज उपग्रहावरून येतो आणि आपल्याला येत नाही, तर दोष आपल्या कानात आहे.

यासाठीच फुल-डुप्लेक्सचा, म्हणजे बोलता बोलता ऐकण्याचा, आग्रह धरावा. स्वस्त हँडसेटवर दोन फ्रिक्वेन्सी दिसतात, पण बोलताना तो ऐकत नाही. स्वतःचा परतलेला आवाज ऐकता येत नसेल तर आपण उपग्रहात आहोत की नाही हे कळायला दुसरा मार्ग उरत नाही, आणि न कळता केलेले कॉल इतरांच्या संपर्कावर पडतात. दुसरा हँडसेट किंवा लॅपटॉपला लावलेला छोटा एसडीआर डोंगल (सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर) हेडफोनवर ठेवला की काम भागते.

घरातला गोंगाट वेगळा तपासावा. एलईडी दिवे, सौर इन्व्हर्टर, सीसीटीव्हीचे अ‍ॅडाप्टर हे हल्ली गच्चीवरचे मुख्य शत्रू आहेत. रेडिओ बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच पाडावा. खरखर उतरली तर एकेक सर्किट चालू करत गुन्हेगार सापडतो.

डॉप्लर

उपग्रह जवळ येताना फ्रिक्वेन्सी वर सरकलेली असते, दूर जाताना खाली. अवकाश स्थानकासाठी ४३७ मेगाहर्ट्झला हा सरकाव दोन्ही बाजूंना दहा-दहा किलोहर्ट्झ, १४५ला साडेतीनच्या आत. एफएमवर १४५ची बाजू जशीच्या तशी ठेवली तरी चालते, सरकवायची ती ४३५ची बाजू. एसओ-५० ४३६.७९५वर बोलतो. तो उगवताना ४३६.८०५वर ऐकायला लागावे आणि ५ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी ४३६.७८५पर्यंत उतरावे. या पाच जागा आधीच मेमरीत भराव्यात. डोक्यावरून जाणाऱ्या पासमध्ये बदल सर्वांत घाईचा असतो : स्थानक माथ्यावर असताना सेकंदाला सुमारे २०० हर्ट्झ. तिथे एक पायरी चुकली की आवाज फाटतो आणि माणूस अँटेना हलवू लागतो, दोष मात्र डायलवर असतो.

आरएस-४४ हा उलटणारा ट्रान्सपॉन्डर (एक अख्खा पट्टा एकदम परत पाठवणारे यंत्र) आहे. १४५.९३५ ते १४५.९९५ यांत गेलेले ४३५.६७० ते ४३५.६१० यांत उलट्या क्रमाने परत येते. डॉप्लर सोडला तर चढणारी आणि उतरणारी फ्रिक्वेन्सी यांची बेरीज नेहमी ५८१.६०५ भरते. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. वर जाताना एलएसबी (खालचा साइडबँड), खाली ऐकताना यूएसबी (वरचा साइडबँड). दोन्हीकडे यूएसबी ठेवल्याने आपला आवाज उलटा, न कळणारा येतो आणि रेडिओ बिघडल्याचा भास होतो. ४३५.६०५वरचा बीकन (उपग्रहाचा स्वतःचा खुणेचा सिग्नल) हा इथला मापदंड : बीकन ऐकू येत नसेल तर बोलू नये, आणि आपला आवाज बीकनहून मोठा येत असेल तर वॅट उतरवावेत. एकाच ट्रान्सपॉन्डरची ताकद सगळ्यांत वाटली जाते. जास्त ताकदीने बोलणारा इतरांच्या वाट्याचे ओढून घेतो, हे मला तांत्रिक दोषाइतकेच गंभीर वाटते.

टोनची, म्हणजे आवाजासोबत पाठवायच्या ठरावीक सुराची, चूक एका वाक्यात सांगता येते, पण ती सर्वांत जास्त घडते. एसओ-५० आणि स्थानकाचा रिपीटर दोन्हींना ६७.० हर्ट्झचा टोन लागतो. एसओ-५०ला त्याआधी ७४.४ हर्ट्झचा टोन देऊन दहा मिनिटांचा टायमर चालू करावा लागतो. पास सुरू झाला आणि उपग्रह गप्प असेल तर बहुधा कोणीच टायमर लावलेला नसतो.

उपग्रहाची बाजू

कधीकधी दोष वरच असतो. स्थानकावर अंतराळवीर बाहेर काम करत असताना किंवा यान जोडले जात असताना हौशी रेडिओ बंद ठेवला जातो. एओ-७ची कथा या क्षेत्रात सर्वांना ठाऊक असावी : १५ नोव्हेंबर १९७४ला गेलेला हा उपग्रह १९८१मध्ये बॅटरी शॉर्ट होऊन गप्प झाला, आणि २००२मध्ये तोच शॉर्ट आपोआप सुटल्याने सौरपट्ट्यांवर पुन्हा बोलू लागला. आता तो फक्त उन्हात चालतो, सावलीत गेला की बंद. भारतीय हॅमसाठी आणखी एक अडचण आहे. त्याचा ४३२.१२५ ते ४३२.१७५ मेगाहर्ट्झचा अपलिंक (उपग्रहाकडे बोलण्याचा पट्टा) आपल्याकडे हौशींना मिळालेल्या ४३४ ते ४३८च्या पट्ट्याबाहेर पडतो, म्हणून त्या मोडमध्ये ऐकण्यावरच समाधान मानावे.

कोल्हापूरचे आकाश

या शहराला एक खास परिस्थिती लाभली आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. सूर्यास्तानंतर तिथल्या आयनावरणात विरळ प्लाझ्माचे (विद्युतभारित वायूचे) बुडबुडे तयार होतात आणि चुंबकीय रेषांच्या आधाराने उत्तरेकडे, आपल्या आकाशात पसरतात. विषुवदिनांच्या आसपासच्या महिन्यांत, आणि सूर्य जोरात असेल तेव्हा, ते अधिक दिसतात. कोल्हापुरातून रात्रीच्या आकाशाची छायाचित्रे घेऊन या बुडबुड्यांचा अभ्यास झालेला आहे. शिवाजी विद्यापीठात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे १.९८ मेगाहर्ट्झचे रडार वरच्या वातावरणातले वारे मोजत आले आहे. हॅमला हे कळते ते असे : मार्च किंवा ऑक्टोबरातल्या रात्री आठ-नऊच्या पासला १४५ मेगाहर्ट्झचा आवाज थरथरतो, सेकंदात अनेकदा बुडतो आणि वर येतो. ४३५वर हीच थरथर कमी असते. सकाळच्या पासला सगळे सुरळीत. अशा वेळी कनेक्टर उसवू नयेत, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऐकावे.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. या फ्रिक्वेन्सींवर पावसाच्या थेंबांमुळे सिग्नल जवळजवळ कमी होत नाही. तरी जुलैत संपर्क बंद पडतात, कारण पाणी कनेक्टरमधून केबलच्या जाळीत शिरते. केबलला कनेक्टरच्या खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकते, आणि जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळावी. जाळी एकदा हिरवी पडली की ती केबल बदलावीच लागते.

ऐकण्याची यंत्रणा डॉप्लरविना तपासायची असेल तर भूस्थिर उपग्रह क्यूओ-१०० सोयीचा आहे. तो २५.९ पूर्व रेखांशावर आहे. कोल्हापुरातून तो क्षितिजाच्या सुमारे ३२ अंश वर, पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला दिसतो. साधारण किरणोत्सवाच्या दिवसांत सूर्य ज्या बाजूला मावळतो तीच ही बाजू. साध्या डिशवर १०४८९.५ मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा दिवसभर ऐकता येतो, आणि आवाज सरकला तर तो डिशवरच्या एलएनबीच्या (सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या) तापण्याने सरकतो, उपग्रहाच्या धावण्याने नव्हे.

नोंदवही

प्रत्येक पासची तारीख, वेळ, उपग्रह, आवाज कोणत्या दिशेला व उंचीला आला आणि गेला हे लिहावे. महिन्याभरात वही बोलू लागते. आवाज नेहमी एकाच दिशेला तुटत असेल तर तिकडे भिंत किंवा टाकी आहे. कोणत्याही दिशेला पण रोज संध्याकाळी सातनंतर खरखर वाढत असेल तर परिसरातले दिवे तपासावेत. दर पासच्या मध्यावर तुटत असेल तर डॉप्लरची पायरी उशिरा बदलली जात आहे. आवाज ठरावीक काळाने, सारख्या अंतराने बुडत असेल तर ती उपग्रहाची गिरकी, आणि तिच्यावर इलाज मनगटात आहे.