मड-टेरेन टायर: चिखल बाहेर टाकण्याची शंभर वर्षांची खटपट

साधा टायर चिखलात का हरतो, हे फसलेल्या ट्रकचे चाक जवळून पाहिले की कळते. खाचा चिकण मातीने लिंपलेल्या असतात, नक्षी दिसेनाशी झालेली असते आणि चाक मातीचा गुळगुळीत गोळा होऊन जागच्या जागी गरगरत असते. रबर जमिनीला लागतच नाही, चिखलच चिखलावर घसरत राहतो. खाचेत शिरलेला हा चिखल बाहेर कसा काढायचा, याच एका अडचणीभोवती मड-टेरेन, म्हणजे खास चिखलासाठी बनवलेल्या, टायरचा इतिहास फिरतो. टायर घेताना बहुतेकांचे लक्ष नक्षीतले रबरी ठोकळे किती राकट दिसतात याकडे जाते. माझ्या मते आधी पाहावी ती दोन ठोकळ्यांमधली मोकळी जागा.

सुरुवातीचे हवेचे टायर गुळगुळीतच असत. १९०८ मध्ये फायरस्टोन या टायर कंपनीने टायरच्या पृष्ठभागावर ‘फायरस्टोन नॉन स्किड’ ही अक्षरेच तिरपी उठवली. नावाची जाहिरात झाली आणि निसरड्या रस्त्यावर पकडही मिळाली. पण ती नक्षी रस्त्यासाठी होती. मातीशी खरी गाठ पडली ती ट्रॅक्टरमुळे. ट्रॅक्टरला तोवर लोखंडी चाके आणि त्यांवर दाते असत. १९३२ मध्ये अलिस-चामर्सच्या मॉडेल यू ट्रॅक्टरला हवेचे टायर मिळाले आणि पुढे त्या टायरांवर आज सर्वांच्या ओळखीचे असलेले उंच, तिरपे पट्टे रूढ झाले. त्या तिरपेपणात मोठी अक्कल आहे. चाक फिरताना पट्ट्याचे मधले टोक आधी मातीत घुसते, कडेचे नंतर. त्यामुळे दाबली गेलेली माती मधून कडेकडे सरकते आणि बाहेर पडते. टायर उलटा बसवला, तर हाच पट्टा माती मधोमध गोळा करत बसतो.

दुसऱ्या महायुद्धात हे शहाणपण थोडे बाजूला ठेवावे लागले. अमेरिकी जीपला ६.००-१६ मापाचे टायर होते. सुमारे सहा इंच रुंद, सोळा इंची रिमचे आणि दिशा नसलेल्या नक्षीचे. पुढे जाताना आणि मागे येताना पकड सारखीच, कोणताही टायर कोणत्याही चाकाला बसणार. रणभूमीवर ही सोय फार मोलाची होती. मात्र चिकट गाळात त्याच्या आडव्या खाचा लवकर भरत आणि ओल्या पक्क्या रस्त्यावर तो बेताचाच असे. याच युद्धात आणखी एक धडा मिळाला, तो नक्षीइतकाच महत्त्वाचा आहे. ‘डक’ हा जमिनीवर आणि पाण्यावर चालणारा सहाचाकी ट्रक. त्यात चालकाला बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करता येई. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा पट्टा लांबतो आणि मऊ वाळूतूनही गाडी निघते. आजही वाळूत शिरण्याआधी जाणकार चालक हवा उतरवतात आणि पक्क्या रस्त्यावर आले की पुन्हा भरतात.

युद्धानंतर उरलेल्या जीपगाड्या सामान्य लोकांच्या हाती आल्या आणि आडवाटेने गाडी नेण्याचा छंद वाढला. त्याच सुमारास टायरच्या आत मोठा बदल घडत होता. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले आणि १९४९ मध्ये तो विक्रीला आणला. तोवरच्या बायस-प्लाय टायरमध्ये (पुढे ज्याला बोलीत नायलॉन टायर म्हणू लागले) दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे जात. रेडियलमध्ये दोरे सरळ एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जातात आणि वरचा पृष्ठभाग पोलादी पट्ट्यांनी आवळलेला असतो. टायर जमिनीवर सपाट टेकतो, कमी तापतो, जास्त टिकतो. पण त्याची बाजू, म्हणजे साइडवॉल, लवचिक आणि पातळ. दगडाच्या धारेवर ती फाटते. म्हणून आडवाटेवरचे लोक बराच काळ रेडियलपासून दूरच राहिले.

ही कोंडी बीएफगुडरिच या टायर कंपनीने फोडली. हलक्या ट्रकसाठी १९७६ मध्ये ऑल-टेरेन टी/ए (रस्ता आणि आडवाट दोन्हींसाठी) आणि १९८० मध्ये मड-टेरेन टी/ए असे त्यांचे रेडियल टायर आले. मेक्सिकोतल्या बाहा १००० या वाळवंटी शर्यतीत हे टायर कसाला लागले आणि दणकट साइडवॉलचा रेडियल आडवाटेवर टिकतो हे लोकांना पटले. दुसरीकडे लुइझियानातली इंटरको कंपनी दलदलीसाठी सुपर स्वॉम्परसारखे बायस-प्लाय टायर बनवत राहिली. प्रचंड ठोकळे, त्याहून प्रचंड खाचा. रस्त्यावर ते थरथरतात, पण खोल गाळात त्यांचा चाहतावर्ग आजही पक्का आहे.

जुन्या काळाची एक खूण अजून ग्राहकांना चकवते. ‘टेन प्लाय’ टायर म्हणजे आत दहा थर, असा समज सर्रास आहे. सुती दोऱ्यांच्या जमान्यात थर मोजून ताकद सांगत. दोरे मजबूत झाले, थर कमी झाले, मोजणीची भाषा तीच राहिली. आजच्या लोड रेंज ई (भार पेलण्याच्या क्षमतेचा एक वर्ग) टायरला टेन प्लाय रेटिंग असते, पण साइडवॉलमध्ये बहुधा दोन किंवा तीनच थर असतात. दगडाळ वाटेवर जाणाऱ्याने साइडवॉलवर छापलेला हा खरा आकडा वाचावाच. मला तो नक्षीहून कमी महत्त्वाचा वाटत नाही.

अरुंद की रुंद, हा वाद तर जीपच्या सहा इंची टायरपासून चालत आला आहे. वर पातळ चिखल आणि खाली कठीण जमीन असेल, तर अरुंद टायर चिखल कापून तळ गाठतो. तळच नसेल, तर रुंद टायर वरच्या वर तरंगल्यासारखा जातो. ३१x१०.५०आर१५ (व्यास ३१, रुंदी १०.५० आणि रिम १५ इंच; आर म्हणजे रेडियल) अशी इंचात लिहिलेली मापे या तरंगण्यावरूनच ‘फ्लोटेशन’ म्हणून ओळखली जातात. रुंद टायर रुबाबदार दिसतो म्हणून घेणारे पुष्कळ. खालची जमीन कशी आहे, हे विचारणारे थोडे.

मोकळ्या जागेचा हा हिशेब आता नियमांतही आला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या टायरविषयक आर११७ नियमावलीत कार किंवा हलक्या ट्रकचा टायर ‘प्रोफेशनल ऑफ-रोड’, म्हणजे खडतर आडवाटेसाठीचा, ठरण्यासाठी नक्षीची खोली किमान ११ मिलिमीटर, पृष्ठभागावर मोकळी जागा किमान ३५ टक्के आणि वेगमर्यादा जास्तीत जास्त ताशी १६० किलोमीटर, अशा अटी आहेत. एवढी जागा रिकामी ठेवली की रस्त्याला टेकणारे रबर तेवढे कमी होते. मग ओल्या डांबरावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते आणि ठोकळ्यांचा घुमणारा आवाज येतो. तो आवाज एका सुरात साचू नये म्हणून ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमी-जास्त ठेवतात. ट्रक बहुतेक दिवस डांबरावरच धावणार असेल, तर ऑल-टेरेन घ्यावा, असे मी स्पष्ट सांगेन.

शेतातला ट्रॅक्टर सावकाश चालतो, ट्रकला मात्र चिखल झटकायला चाकाचा वेग लागतो. म्हणून चिकण मातीतून हळूहळू जाणाऱ्याला खाचा आणखी रुंद हव्यात. आपला टायर आपल्या मातीला जुळतो का, हे पाहायला चिखलातून बाहेर येऊन चार-सहा फेरे चाक फिरू द्यावे, गाडी थांबवून खाली उतरावे आणि खाचांच्या तळाशी काळे रबर दिसते का ते पाहावे.