मोलिना म्हणजे नेमका कोणता मोलिना?

‘क्विलाया सापोनारिया मोलिना’. चिलीत वाढणाऱ्या एका सदाहरित झाडाचं शास्त्रीय नाव काटेकोरपणे लिहायचं तर असं तीन शब्दांत लिहितात. पहिला शब्द प्रजातीचा (जीनस), दुसरा जातीचा (स्पीशीज) आणि तिसरा माणसाचा, म्हणजे हे नाव ज्यानं दिलं त्याचा. वातावरणाच्या रसायनशास्त्रावरचं पुस्तक उघडलं तर ओझोनच्या प्रकरणात पुन्हा मोलिना भेटतो. उल्कापाषाणांच्या यादीत एक मोलिना आहे आणि स्पेनमधल्या विक्रमी थंडीच्या नोंदीतही आहे. यातले काही मोलिना माणसं आहेत, काही गावं आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी नातं असेलच असं नाही.

नाव मुळात अगदी साधं आहे. लॅटिनमध्ये ‘मोला’ म्हणजे जातं. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘मोलिना’ आलं, त्याचा अर्थ पाणचक्की किंवा पिठाची गिरणी. मध्ययुगात स्पेनमध्ये ओढ्यानदीच्या काठी जागोजागी पाणचक्क्या होत्या. त्यांच्या भोवतीच्या वस्त्यांना तेच नाव पडलं आणि तिथून बाहेर पडलेली माणसं ‘दे मोलिना’, म्हणजे मोलिनाची, झाली. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लागून आडनाव होतं, तसाच हा प्रकार. मात्र नेवासकर म्हटलं की गाव एकच असतं. मोलिना नावाची गावं अनेक होती, त्यामुळे हे आडनाव एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक घराण्यांत स्वतंत्रपणे उगवलं.

जनुकशास्त्राच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं आहे. वडिलांकडून मुलाकडे जाणारं आडनाव आणि वडिलांकडूनच मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र यांचा प्रवास समांतर चालतो. आडनाव दुर्मीळ असेल तर ते लावणाऱ्या अनोळखी पुरुषांचं वाय गुणसूत्र जुळण्याची शक्यता बरीच असते, कारण त्यांचा मूळपुरुष एकच असू शकतो. मोलिनासारख्या सर्रास आढळणाऱ्या आडनावात ही शक्यता घसरते. स्पेनबाहेर तर आणखी जपून राहावं लागतं. फिलिपिन्समध्ये गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया यांनी २१ नोव्हेंबर १८४९ रोजी हुकूम काढला आणि आडनावांची छापील यादी गावोगाव धाडून लोकांना त्यातली नावं घ्यायला लावली. तिथल्या स्पॅनिश आडनावावरून स्पेनमधला पूर्वज शोधू गेलं तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. गोव्यातही बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज आडनावं मिळाली. गोव्यातले फर्नांडिस आणि लिस्बनमधले फर्नांडिस एका रक्ताचे असण्याचं कारण नाही.

आता झाडाच्या नावातला मोलिना. हे हुआन इग्नासिओ मोलिना, जन्म १७४० सालचा, मध्य चिलीतला. ते जेझुइट या कॅथलिक पंथाचे होते. १७६७ मध्ये स्पेनच्या राजानं आपल्या सगळ्या मुलखातून जेझुइटांना हाकलून दिलं, तेव्हा मोलिनांनाही देश सोडावा लागला. पुढचं आयुष्य इटलीत, बोलोन्यामध्ये गेलं आणि १८२९ मध्ये तिथेच ते वारले. १७८२ मध्ये त्यांनी चिलीच्या निसर्गेतिहासावरचा ग्रंथ इटालियन भाषेत छापला. त्यात त्यांनी चिलीतल्या प्राण्यांना आणि वनस्पतींना लिनियसच्या पद्धतीनं दोन शब्दी लॅटिन नावं दिली. म्हणून आजही दक्षिण अमेरिकेतल्या कितीतरी जीवांच्या नावांमागे ‘मोलिना, १७८२’ अशी शेपटी असते.

ही शेपटी नीट वाचता आली पाहिजे. चिलीच्या रोहित पक्ष्याचं नाव ‘फिनिकॉप्टेरस चिलेन्सिस मोलिना, १७८२’ असं कंसाविना लिहितात. म्हणजे मोलिनांनी त्याला ज्या प्रजातीत ठेवलं, तिथेच तो आजही आहे. कॉयपू हा पाणउंदरासारखा प्राणी मात्र ‘मायोकॅस्टर कॉयपस (मोलिना, १७८२)’ असा कंसात येतो. मोलिनांनी त्याला उंदराच्या ‘मुस’ या प्रजातीत घातलं होतं, नंतर कुणीतरी त्याला हलवलं. प्राणिशास्त्रात हलवणाऱ्याचं नाव सहसा लिहीत नाहीत, कंस तेवढा ठेवतात. वनस्पतिशास्त्रात रीत वेगळी आहे. तिथे साल लिहिण्याची सक्ती नसते, पण हलवणाऱ्याचं नाव कंसाच्या पुढे येतं. चिलीच्या ताडाचं नाव ‘जुबिया चिलेन्सिस (मोलिना) बायॉं’ असं आहे. पहिलं नाव मोलिनांचं आणि आजच्या प्रजातीत आणण्याचं काम फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ बायॉं यांचं. कंस गाळला तर वाचणाऱ्याला चुकीचा इतिहास कळतो. संग्रहालयातल्या पाट्यांवर आणि विद्यार्थ्यांच्या अहवालांत ही चूक फार होते.

मोलिनांच्या कंसांची संख्या मोठी आहे, आणि त्याचं कारण त्यांच्या परिस्थितीत आहे. ते हजारो किलोमीटर दूर बसून लिहीत होते, समोर नमुने नव्हते. डेगू या कुरतडणाऱ्या प्राण्याला त्यांनी खारींच्या प्रजातीत घातलं. सगळ्यात ठळक उदाहरण वेमुलचं. हे अँडीज पर्वतातलं हरिण आहे आणि चिलीच्या राजचिन्हावर ते विराजमान आहे. मोलिनांनी त्याला ‘इक्वस बायसल्कस’ म्हटलं, म्हणजे दुभंगलेल्या खुरांचा घोडा! प्रजाती साफ चुकली. पण नामकरणाच्या नियमांनुसार जातीचं पहिलं वैध नाव टिकतं. त्यामुळे हरणाला हरणांत परत आणल्यावरही ‘बायसल्कस’ हा शब्द आणि कंसातले मोलिना तसेच राहिले. निर्वासित माणसानं आठवणींच्या आधारे केलेलं हे काम आहे. त्यातल्या चुकांपेक्षा त्यातलं काय टिकलं हे मला मोठं वाटतं.

वनस्पतींच्या नावात नुसतं ‘मोलिना’ असेल तर ते हेच. होंडुरासचे वनस्पतिशास्त्रज्ञ आन्तोनिओ मोलिना रोसितो यांनी नावं दिलेल्या जातींपुढे ‘आन्त. मोलिना’ असं लिहितात. एवढ्या एका संक्षेपानं दीडदोनशे वर्षांचं अंतर कळतं, तो गाळू नये. चिलीत कुरिको प्रांतातल्या मोलिना शहराला हुआन इग्नासिओंचंच नाव आहे, आणि युरोपातल्या पाणथळ माळांवरच्या ‘मोलिनिया’ गवतालाही.

स्पेनमधली मोलिना मात्र माणसांवरून आलेली नाहीत, उलट माणसं त्यांच्यावरून आली. मोलिना दे आरागॉन हे गाव ग्वादालाहारा प्रांतात आहे. नावात आरागॉन असलं तरी आज ते आरागॉन विभागात मोडत नाही. समुद्रसपाटीपासून ते हजार मीटरहून थोडं उंच, पठारावरच्या नदीखोऱ्यात वसलंय. हिवाळ्यात रात्री आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असली की जमिनीची उष्णता झपाट्यानं निघून जाते. थंड झालेली जड हवा उतारांवरून घसरत खोऱ्यात साचते. वारा नसेल तर ती हलत नाही आणि वरच्या डोंगरापेक्षा खाली जास्त गारठा पडतो. २८ जानेवारी १९५२ रोजी इथे उणे २८.२ अंश सेल्सिअसची नोंद झाली.

याच गावानं खनिजशास्त्राला एक नाव दिलं. गावाजवळच्या जिप्सम आणि चिकणमातीच्या थरांत तांबूस-जांभळट, सहा बाजूंचे आखूड स्फटिक सापडतात. १७९७ मध्ये जर्मन खनिजतज्ज्ञ वेर्नर यांनी त्या खनिजाला अ‍ॅरागोनाइट म्हटलं. ते कॅल्शियम कार्बोनेटच आहे, म्हणजे रासायनिक घटक कॅल्साइटचेच, फक्त अणूंची मांडणी वेगळी. त्यामुळे आम्ल टाकून दोघांतला फरक कळत नाही, दोन्ही फसफसतात. फोडून पाहावं. कॅल्साइटचे तिरप्या चौकोनी पेटीसारखे गुळगुळीत तुकडे पडतात, अ‍ॅरागोनाइटचे पडत नाहीत. घनताही वेगळी, कॅल्साइटची २.७१ आणि अ‍ॅरागोनाइटची साधारण २.९४. आणखी एक फसगत होते. स्फटिक षट्कोनी दिसतो म्हणून त्याची रचनाही षट्कोनी असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तीन स्फटिक एकमेकांत गुंतून वाढल्यामुळे तो आकार आलेला असतो. शिंपल्याच्या आतली मोतिया चकाकी याच खनिजाची, आणि मालवणच्या समुद्रातल्या प्रवाळांचे सांगाडेही अ‍ॅरागोनाइटचेच.

आग्नेय स्पेनमध्ये मुर्सियातल्या मोलिना दे सेगुरा इथे २४ डिसेंबर १८५८ च्या पहाटे उल्का कोसळली. तिचा ११२ किलोंहून जड असलेला मुख्य तुकडा माद्रिदच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे आणि स्पेनमध्ये सापडलेल्या सर्वांत मोठ्या उल्कापाषाणांपैकी तो एक आहे. उल्कापाषाणाला तो जिथे पडला त्या ठिकाणाचं नाव देतात, शोधणाऱ्याचं नाही. यादीतला ‘मोलिना’ म्हणूनच गावाचा आहे. नावाआधी ‘ला’ असेल, जसं पेरूत लिमामधलं ला मोलिना किंवा पिरेनीजमधलं स्कीइंगचं ला मोलिना, तर तेही ठिकाणच समजावं.

ओझोनवाले मोलिना म्हणजे मारिओ मोलिना. जन्म १९४३, मेक्सिको सिटी. लहानपणी घरातल्या न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघरात त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती आणि रसायनतज्ज्ञ असलेली आत्या एस्तेर मोलिना त्यांना प्रयोगांत मदत करायची. १९७३ मध्ये ते कॅलिफोर्नियात रसायनशास्त्रज्ञ शेरवुड रोलंड यांच्याकडे संशोधनासाठी गेले. प्रश्न साधा होता: फ्रिज आणि फवाऱ्याच्या डब्यांतून सुटणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचं शेवटी होतं काय? ते पाण्यात विरघळत नाहीत, पावसानं धुतले जात नाहीत, खालच्या हवेत कशाशी अभिक्रिया करत नाहीत. पंचाईत याच निष्क्रियपणाची होती. हळूहळू ते स्थितांबरात, म्हणजे ओझोन असलेल्या वरच्या थरात, पोचतात. तिथले तीव्र अतिनील किरण त्यांच्यातला क्लोरीन सुटा करतात. क्लोरीनचा अणू ओझोनमधला एक ऑक्सिजन ओढून घेतो, मग सुट्या ऑक्सिजन अणूला तो देऊन टाकतो आणि स्वतः पुन्हा मोकळा होतो. एक अणू असे सुमारे एक लाख ओझोन रेणू संपवू शकतो. हा निष्कर्ष जून १९७४ मध्ये छापून आला.

१९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोन छिद्र जाहीर झालं, तेव्हा या चक्रानं त्याचा पुरता उलगडा होईना. तिथे वसंताच्या सुरुवातीला सुटे ऑक्सिजन अणू फारच कमी असतात. तिढा सोडवणारा एक प्रयोग १९८७ मध्ये एल. टी. मोलिना आणि एम. जे. मोलिना यांनी मांडला. इथे आद्याक्षरं पाहायलाच हवीत, कारण पहिलं नाव लुईसा मोलिना यांचं आहे. क्लोरीन मोनॉक्साइडचे दोन रेणू एकमेकांना चिकटतात आणि सूर्यप्रकाशात ती जोडी फुटून दोन्ही क्लोरीन परत सुटतात, हे त्यांनी दाखवलं. या मार्गात सुटा ऑक्सिजन लागतच नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात अशा वायूंवर बंधनं घालणारा माँट्रियल करार झाला, आणि १९९५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मारिओ मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झन यांना मिळालं. जुन्या फ्रिजमागच्या पट्टीवर आर-१२ लिहिलेलं असेल तर तो याच कुळातला वायू. भंगारात देताना त्याची नळी तोडू नये, वायू आधी तंत्रज्ञाकडून काढून घ्यावा. आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला धोका नाही, पण तो जोरदार हरितगृह वायू आहे.

संदर्भ शोधताना स्पॅनिश नावांत एक मेख असते. तिथे माणसाला दोन आडनावं असतात, परंपरेनं आधी वडिलांचं आणि मग आईचं. मारिओ होसे मोलिना एन्रीकेस यांना ‘म’खाली शोधायचं, शेवटच्या शब्दाखाली नाही. इंग्रजी वळणाच्या संगणक याद्या शेवटचा शब्द उचलतात, मग एकाच संशोधकाचं काम दोन नावांत विखुरतं. ते टाळण्यासाठी बरेच स्पॅनिश संशोधक दोन आडनावांमध्ये जोडरेघ देतात.

आता सुरुवातीच्या झाडाकडे. क्विलायाच्या सालीत सॅपोनिन असतात. पाण्यात घुसळली की तिला रिठ्यासारखा फेस येतो, आणि चिलीत तिनं कपडे धूत. सॅपोनिनच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं चरबीकडे. हाच रेणू लशीत घातला तर शरीराची प्रतिकारयंत्रणा खडबडून जागी होते, पण तो पेशीपटलातल्या कोलेस्टेरॉलला धरून तांबड्या पेशी फोडतोही. उपाय असा, की त्याला आधीच कोलेस्टेरॉलबरोबर बांधून टाकायचं. क्यूएस-२१ हा सालीच्या अर्कातून वेगळा काढलेला अंश नागिणीवरच्या शिंग्रिक्स लशीच्या एका डोसात ५० मायक्रोग्रॅम असतो, तोही कोलेस्टेरॉल असलेल्या मेदकणांत. मॅट्रिक्स-एम या लशीत घालायच्या दुसऱ्या मिश्रणात याच झाडाचं सॅपोनिन, कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड मिळून सुमारे ४० नॅनोमीटरचे पिंजऱ्यासारखे कण बनवतात. झाडं मर्यादित आहेत म्हणून यीस्टकडून क्यूएस-२१ घडवून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि २०२४ मध्ये ते प्रयोगशाळेत जमलं. दरम्यान मॅट्रिक्स-एम वापरणारी आर२१ ही मलेरियाची लस, जिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये केली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. तिच्या प्रत्येक डोसात त्याच सालीचे ५० मायक्रोग्रॅम कण असतात, आणि ती आफ्रिकेतल्या बाळांना टोचली जाते.