फाइलींचे सामूहिक नामांतर

संगणकातील अनेक फाइलींची नावे एकाच नियमाने एकदम बदलण्याची क्रिया. व्यवहारात ‘बॅच रिनेम’. छायाचित्रे, स्कॅन केलेली पाने आणि ध्वनिमुद्रणे लावताना ती नेहमी लागते.

तिचा उगम कोठे धरावा हे व्याख्येवर ठरते. सीपी/एम २.२ या जुन्या संगणक प्रणालीतील ‘रेन’ ही आज्ञा एका वेळी एकच फाइल घेई. एमएस-डॉस या नंतरच्या प्रणालीच्या ‘रेन’ला ‘*’ (कितीही अक्षरे) आणि ‘?’ (कोणतेही एक अक्षर) ही चिन्हे चालत, म्हणून काही जण आरंभ तेथे मानतात. मात्र तेथे नव्या साच्यातले अक्षर जुन्या नावातल्या त्याच स्थानावरच्या अक्षराची जागा घेते. त्यामुळे नावाआरंभीची तीन अक्षरे बदलून दुसरी तीन घालता येतात, पण चार अक्षरी उपसर्ग सहज काढून टाकता येत नाही. युनिक्स प्रणालीच्या ‘एमव्ही’ या नाव बदलण्याच्या आज्ञेत तीही सोय नव्हती. लॅरी वॉल यांच्या पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतील ‘रिनेम’ने नियमित पदावली (‘रेग्युलर एक्सप्रेशन’, म्हणजे मजकुराचा साचा सांगणारी चिन्हभाषा) आणली, आणि आजच्या अर्थाने सामूहिक नामांतर येथूनच मोजणे अधिक सयुक्तिक वाटते. लिनक्सवर याच नावाची दोन भिन्न साधने आढळतात: एक पर्लचे, दुसरे ‘युटिल-लिनक्स’ या साधनसंचातले. त्यांची मांडणी जुळत नाही.

फाइल व्यवस्थापकाने यात मोलाची भर घातली ती पूर्वदृश्याची. टोटल कमांडर या विंडोजवरील फाइल व्यवस्थापकात (१९९३ साली ‘विंडोज कमांडर’ म्हणून आरंभ) ‘कंट्रोल-एम’ दाबताच जुनी आणि नवी नावे शेजारी-शेजारी दिसतात; क्रमांक, तारीख, विस्तार (‘.jpg’सारखे नावाचे शेपूट) यांच्या खुणा साच्यात बसवता येतात. मॅकच्या फाइंडरमध्ये सामूहिक नामांतराची सोय २०१४ मध्ये आली, लिनक्सवरील ग्नोमच्या फाइल व्यवस्थापकात २०१६ मध्ये.

डिस्कच्या एकाच विभागात नामांतर होते तेव्हा फक्त निर्देशिकेतील (फोल्डरच्या यादीतील) नोंद बदलते, मजकूर हलत नाही. दोन फाइलींची नावे परस्परांत बदलायची असतील तर मधे तात्पुरते नाव लागते. क्रमांकाआधी शून्ये घालणे (००७, ०१२) आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिणे हे क्रम टिकवण्याचे सर्वात भरवशाचे उपाय.

देवनागरी नावांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल साठवण्याच्या पद्धतीत नावाची मर्यादा २५५ बाइटांची. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. ‘स्वातंत्र्य’ एवढ्या शब्दालाच ३३ बाइट लागतात. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या तर तीन प्रकारे साठलेला आढळतो: एकसंध ‘ऱ’ने, ‘र’ आणि नुक्त्याने, म्हणजे खालच्या टिंबाने (मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीत असाच), किंवा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्हाने. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. चिन्हे काटेकोर जुळवणाऱ्या साधनात ‘दुसऱ्या’ शोधून ‘२’ घालण्याचा नियम यांपैकी एकाच गटाला लागतो, बाकीच्या फाइली तशाच राहतात.