हृदयरुग्णांची भूल व अतिदक्षता

हृदयविकार असलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी भूल देणे, त्या काळात त्याचे रक्ताभिसरण सांभाळणे आणि पुढे त्याचे हृदय आधाराशिवाय चालू लागेपर्यंत अतिदक्षता विभागात देखरेख करणे, असे हे सलग काम आहे. भूलतज्ज्ञ म्हणजे रुग्णाला झोपवणारा डॉक्टर ही समजूत येथे फार तोकडी पडते. झोप हा त्यातला सोपा भाग.

भुलेची बहुतेक औषधे रक्तवाहिन्या सैल करतात, हृदयाचे आकुंचन क्षीण करतात आणि रक्तदाब उतरवतात. डाव्या निलयाच्या, म्हणजे शरीराला रक्त ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याच्या स्नायूला स्वतःसाठी लागणारे रक्त मुख्यतः प्रसरणात, म्हणजे दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळते. नाडी जलद झाली की हा विसावा आखडतो. गरज वाढते आणि पुरवठा त्याच क्षणी घटतो. श्वासनलिकेत नळी घालताना नाडी उसळू शकते. म्हणून फेंटॅनिलसारखे वेदनाशामक आधी देऊन भुलेचे औषध सावकाश सोडतात. मनगटाच्या धमनीत नळी बसवून ठोक्यागणिक दाब दिसू लागल्यावरच भूल सुरू करण्याची पद्धत अनेक ठिकाणी पाळली जाते, आणि ती योग्यच आहे.

झडपांच्या आजारात हे गणित आणखी नाजूक होते. महारोहिणीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीची झडप अरुंद झाली असेल तर नाडी संथ व नियमित हवी आणि दाब पडता कामा नये, कारण जाड झालेल्या स्नायूला त्या दाबामुळेच रक्त पोचत असते. तीच झडप गळत असेल तर नाडी थोडी जलद आणि रक्तवाहिन्या थोड्या सैल असलेल्या बऱ्या. मग रक्ताला मागे परतायला कमी वेळ मिळतो. झडप एकच, पण पहिल्या रुग्णाला तारणारी भूल दुसऱ्याला मारक ठरू शकते. इकोचा, म्हणजे हृदयाच्या ध्वनिलहरी तपासणीचा अहवाल भूलतज्ज्ञाने स्वतः वाचावा तो यासाठी.

हृदय थांबवून शस्त्रक्रिया करणे हृदय-फुप्फुस यंत्रामुळे शक्य झाले; तेवढा वेळ हृदय व फुप्फुसांचे काम ते यंत्र करते. शल्यविशारद जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात त्याच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. यंत्र जोडण्यापूर्वी रक्त गोठू नये म्हणून शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण ३०० ते ४०० एकक हेपारिन देतात आणि नंतर पोटॅशियमयुक्त द्रावणाने हृदय थांबवतात. खरी परीक्षा यंत्र काढताना असते. शरीर पुन्हा ऊबदार झालेले हवे, फुप्फुसे फुगवलेली हवीत, अन्ननलिकेतून केलेल्या इकोत हृदयात हवा उरली नसल्याचे दिसायला हवे. मग हेपारिनचा परिणाम घालवायला प्रोटामीन देतात, तेही हळूहळू, कारण त्यानेही दाब एकाएकी कोसळू शकतो.

शस्त्रक्रियागृहापासून अतिदक्षता विभागापर्यंतचा प्रवास काही मिनिटांचाच, पण धोक्याचा. तिथे परिचारिका छातीतल्या नळ्यांमधून येणारे रक्त तासातासाला मोजते. नळी अचानक कोरडी पडली तर हायसे वाटण्याआधी शंका यायला हवी. गुठळीने नळी तुंबली असेल तर रक्त हृदयाभोवती साचून त्याला दाबू लागते. दाब उतरतो, मानेच्या शिरांतला दाब चढतो, लघवी कमी होते. वेळ नसेल तर छाती खाटेवरच पुन्हा उघडावी लागते. अशा वेळी जागरूक परिचारिकेच्या नजरेची बरोबरी कुठलाच मॉनिटर करू शकत नाही.

औषधांनी भागले नाही तर महारोहिणीत फुगा बसवतात. तो प्रसरणात फुगतो आणि हृद्रोहिण्यांतील, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांतील दाब वाढवतो. त्याहून मोठा आधार एक्मोचा, म्हणजे शरीराबाहेर रक्तात प्राणवायू मिसळून ते परत सोडणाऱ्या यंत्राचा.

प्रकृती स्थिर असेल तर श्वासनलिकेतली नळी साधारण सहा तासांच्या आत काढण्याचा प्रयत्न असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अनेकांच्या अलिंदांची, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते. वृद्धांना दिवस-रात्रीचे भान सुटून भ्रम होतो. त्यांना चष्मा व श्रवणयंत्र लवकर परत द्यावे, रात्री दिवे मंद करावेत, घरच्या माणसाला जवळ बसून बोलू द्यावे. या साध्या गोष्टींनी रुग्ण भानावर यायला मदत होते.