तरुणपणीचा व्यायाम आणि हाडांची बळकटी : पार्श्वभूमी

नागपुरात अंबाझरीच्या काठी रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या विशीतल्या तरुणाची हाडे त्याने मजबूत होतील, असे घरोघरी सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण थोडेच.

झुरिचमधील शरीररचनाशास्त्रज्ञ हेरमान फॉन मायर यांनी १८६०च्या दशकात मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवला, तेव्हा त्यातील बारीक जाळीची मांडणी पाहून कार्ल कुलमान या अभियंत्याला क्रेनमधील ताणाच्या रेषा आठवल्या. पुढे बर्लिनच्या युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये, हाड आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार रचना बदलते, असा नियम मांडला. त्यांचे गणित पुढे टिकले नाही, मूळ कल्पना मात्र टिकली.

ठोस पुरावा टेनिसपटूंनी दिला. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, खेळत्या हाताच्या दंडाच्या हाडाचे कवच दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत सुमारे ३५ आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्के जाड आढळले. आहार, आनुवंशिकता, ऊन, सारे काही दोन्ही हातांना सारखेच मिळालेले असल्यामुळे फरक खेळाचाच मानावा लागला. इतकी चोख तुलना वैद्यकात क्वचितच मिळते. फिनलंडमधील १९९५ च्या अभ्यासात तर, पाळी सुरू होण्यापूर्वी किंवा त्या सुमारास खेळू लागलेल्या मुलींना उशिरा सुरुवात करणाऱ्यांच्या तुलनेत दुपटी-चौपटीने अधिक लाभ दिसला. विशीनंतर हाडात भर पडतच नाही असे नव्हे, पण तोवर बहुतेक भांडवल जमा झालेले असते.

भार किती वेळ हवा, याचे उत्तर रुबिन आणि लॅन्यन यांनी १९८४ मध्ये पक्ष्यांच्या पंखातील हाडावर शोधले. दिवसाला अवघे ३६ वेळा दिलेले भार पुरेसे ठरले आणि त्याहून कितीतरी अधिक वेळा देऊनही फायदा वाढला नाही. पोहणारे व सायकलपटू यांची हाडे, भरपूर मेहनत करूनही, सहसा धावपटूंइतकी घट्ट का नसतात, हे त्यावरून उमगते: हाडाला हवा असतो तो झटका आणि बदलती दिशा. विदर्भात रुजलेल्या आट्यापाट्यांत पाटी धरणाऱ्याला हुलकावणी देताना नेमके तेच घडते. कबड्डी आणि खो-खोचेही तसेच.

मात्र त्याच १९८४ साली, अतिश्रम आणि अपुऱ्या आहारामुळे पाळी बंद पडलेल्या महिला धावपटूंच्या कण्याची घनता पाळी नियमित असलेल्या धावपटूंपेक्षा कमी असल्याचे अमेरिकेत आढळले आणि व्यायामाच्या चर्चेत आहाराचा व संप्रेरकांचा प्रश्न कायमचा दाखल झाला.