मॅल्डी

मोठे, नाजूक रेणू न मोडता घन अवस्थेतून वायूत उडवायचे आणि त्याच झपाट्यात त्यांच्यावर विद्युतभार चढवायचा, या पद्धतीला मॅल्डी (MALDI, म्हणजे मॅट्रिक्सच्या मदतीने लेझरने उडवून भारित करणे) म्हणतात. भार नसलेला रेणू मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला, दिसतच नाही. प्रथिनावर थेट लेझर मारला तर त्याच्या ठिकऱ्या उडतात, म्हणून ते हजारपट किंवा त्याहूनही जास्त मॅट्रिक्समध्ये मिसळतात. मॅट्रिक्स म्हणजे अतिनील प्रकाश शोषून घेणारे एखादे लहान सेंद्रिय आम्ल.

मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये जिवाणू ओळखायला हेच तंत्र वापरतात. टूथपिकने कॉलनी (जिवाणूंची वाढलेली वसाहत) उचलून पोलादी प्लेटवर पातळ सारवायची आणि वर १ मायक्रोलिटर मॅट्रिक्स सोडायचे. सुकल्यावर पिवळसर स्फटिकांचा ठिपका उरतो. जुलैच्या दमट हवेत थेंब रेंगाळला की स्फटिक जाड आणि विस्कळीत होतात. मग एकाच ठिपक्यात कुठे भरघोस सिग्नल मिळतो, तर कुठे काहीच नाही.

नायट्रोजन लेझरची ३३७ नॅनोमीटरची स्पंदने काही नॅनोसेकंदांची असतात. मॅट्रिक्स तापून फुटते आणि वाफेच्या लोटासोबत प्रथिनांनाही घेऊन उडते. इथपर्यंत कोणाचे दुमत नाही. वाद आहे तो भार कुठून आला याचा. या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ३.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचे सूक्ष्म एकक), तर नेहमीच्या मॅट्रिक्समधून इलेक्ट्रॉन काढायला साधारण ८ लागतात. म्हणजे दोन फोटॉन एकत्र आले तरी हिशेब तुटतोच. एक मत असे की शेजारचे उत्तेजित रेणू आपली ऊर्जा एकाच रेणूकडे गोळा करतात, तो आयन (भारित कण) बनतो आणि लोटात प्रथिनाला प्रोटॉन देतो. दुसऱ्या मतानुसार प्रथिने द्रावणातच भारित असतात आणि तशीच स्फटिकात अडकतात. लोटात बहुतेकांचा भार पुसला जातो, नशिबाने वाचलेलीच पुढे पोहोचतात. २०११ मध्ये ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेले) मॅट्रिक्स वापरून केलेल्या प्रयोगांत दोन्ही वाटा खऱ्या असल्याचे दिसले. बहुतेक आयनांवर एकच भार असतो, त्यामुळे वस्तुमानांचा आलेख वाचायला सोपा. प्रोटॉनऐवजी सोडियम चिकटला तर शेजारी २२ डाल्टनवर (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) जुळे शिखर उगवते. मीठ नीट धुतले नसल्याची ती खूण.

जर्मनीत कारास आणि हिलेनकॅम्प यांनी १९८५ च्या सुमारास या पद्धतीचा पाया घातला. जपानमध्ये कोइची तनाका यांनी ग्लिसरॉल आणि कोबाल्टची बारीक पूड वापरून मोठी प्रथिने उडवून दाखवली. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तनाकांना. आज लॅबमध्ये चालते ते मात्र जर्मन वळणाचे सेंद्रिय मॅट्रिक्स.

आयन तयार झाले की सुमारे २० हजार व्होल्टचा धक्का देऊन त्यांना निर्वात नळीत सोडतात. हलके आधी पोहोचतात, जड मागून. एकभारी १,००० डाल्टनचा आयन १ मीटर अंतर साधारण १६ मायक्रोसेकंदांत कापतो. जिवाणूंसाठी २,००० ते २०,००० डाल्टनमधली, मुख्यतः रायबोसोमची (पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेची), प्रथिने पाहतात. त्यांच्या शिखरांचा नमुना हाच त्या जिवाणूचा ठसा. ई. कोलाय आणि शिगेला या जिवाणूंचे ठसे मात्र इतके सारखे असतात की तिथे जुन्या चाचण्याच कराव्या लागतात.