तरंगायचं की रुतायचं: स्नोमोबिलच्या स्कीमागचा इतिहास

स्नोमोबिलची, म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे फिरता पट्टा असलेल्या बर्फावरच्या गाडीची, स्की चिरली किंवा एखाद्या दगडावर आपटून वाकली, की मालक नवी आणायला निघतो आणि पहिल्याच पायरीवर अडखळतो. ‘होती तशीच द्या’ म्हणून भागत नाही. रुंदी साडेपाच इंच हवी की आठ? खाली कणा, म्हणजे तळाला लांबीभर उतरलेला उंचवटा, एक की दोन? कणा किती खोल? तळाची झिजणारी सळई, म्हणजे धाव, किती लांब, आणि तिच्यात कार्बाइड हा अतिकठीण पदार्थ किती? पुढून वर वळलेली फळी, एवढीच ज्याची स्कीची कल्पना आहे त्याला हा सगळा पसारा विकणाऱ्यांनी उगाच मांडलाय असं वाटतं. थोडाफार उगाच आहेही. पण यातल्या बहुतेक प्रश्नांना शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो कळला की निवड बरीच सोपी होते.

पायाला बांधायची स्की फार जुनी. स्वीडनमधल्या काल्वत्रेस्क इथे १९२४ मध्ये दलदलीत सापडलेली स्की सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीची आहे. त्या स्कीचं मुख्य काम एकच होतं: माणसाचं वजन मोठ्या क्षेत्रावर पसरवून त्याला बर्फात रुतू न देणं. वळायचं ते माणूस अंगाने झुकून, कडेवर भार देऊन वळतो. तीच फळी यंत्राच्या तोंडाशी आली तेव्हा तिच्यावर एक नवं काम पडलं. मागचा पट्टा गाडी पुढे ढकलतो, आणि ती कुठे जाणार हे स्कीने ठरवायचं. म्हणजे बर्फावर तरंगायचं आणि त्याच बर्फात थोडं रुतून पकडही घ्यायची. तरंगणं वाढवलं की पकड सुटते, पकड वाढवली की नाक बर्फात घुसतं. पुढचा सगळा इतिहास या भांडणाचा आहे.

सुरुवातीला हे भांडण कोणाला फारसं जाणवलं नाही, कारण मोटारच उचलून बर्फावर ठेवली होती. रशियात झारच्या मोटारखान्याचा प्रमुख असलेल्या अडॉल्फ केग्रेस या फ्रेंच तंत्रज्ञाने मागच्या चाकांच्या जागी पट्टे आणि पुढे स्की बसवल्या. त्याच पद्धतीची, लेनिनच्या वापरातली रोल्स रॉइस मॉस्कोजवळच्या गोर्की लेनिन्स्किये इथल्या संग्रहालयात आजही उभी आहे. झारसाठी निघालेली सोय लेनिनच्या कामी आली, हाही एक योगच. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या ऑसिपीच्या व्हर्जिल व्हाइटने १९१७ मध्ये फोर्डच्या मॉडेल टीसाठी असाच जोड पेटंट केला आणि त्याला नाव दिलं ‘स्नोमोबिल’. अशा गाड्यांचं इंजिन पुढे, म्हणजे जवळजवळ स्कीच्या डोक्यावर. त्या वजनाने स्की आपोआप दबायची आणि वळायची.

गाडी हलकी झाली आणि प्रश्न उघडा पडला. विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावच्या कार्ल एलियासनने १९२४ मध्ये लाकडी टोबोगन घसरगाडीला बोटीचं अडीच अश्वशक्तीचं इंजिन बसवलं. खाली पट्टा, पुढे दोन स्की, आणि त्या वळवायला चक्क दोऱ्या. या रचनेचं पेटंट त्याला १९२७ मध्ये मिळालं.

क्वेबेकमधल्या वालकूरचा जोसेफ आर्मां बोंबार्दिए तेव्हा याच खटपटीत होता. १९२२ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याने घसरगाड्यांवर मोटारीचं इंजिन चढवून मागे पंखा लावला होता. पुढे १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा अपेंडिक्सच्या आजाराने दगावला. बर्फाने रस्ते बंद होते आणि दवाखान्यापर्यंत पोहोचायला साधनच नव्हतं. १९३७ मध्ये त्याच्या दातेरी चाक आणि रबरी पट्ट्याच्या रचनेला पेटंट मिळालं आणि सात जणांची बी-७ गाडी विक्रीला आली. बारा जणांची बी-१२ तिच्यानंतरची. तिच्या पुढच्या स्की काढून चाकंही लावता येत. गरजेप्रमाणे पुढचा भाग बदलायचा, ही कल्पना तेव्हापासूनची.

क्वेबेक सरकारने १९४८ च्या सुमाराला रस्त्यांवरचा बर्फ हटवायचं ठरवलं आणि या मोठ्या गाड्यांचा बाजार बसला. बोंबार्दिएला लहान, एकदोघांच्या गाडीकडे वळावं लागलं. तिच्यातून १९५९ मध्ये स्की-डू आली. पहिल्या स्की-डूच्या स्की लाकडाच्याच होत्या.

मिनेसोटातल्या रोझो गावी मात्र लाकूड बाद झालं होतं. शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात १९५६ मध्ये एक गाडी जुळवली गेली: इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं, पट्ट्यासाठी धान्य वर चढवणाऱ्या यंत्राची साखळी, आणि स्की म्हणून शेव्हरोले मोटारीचा बंपर कापून लावलेला. पोलारिस कंपनीची ही पहिली गाडी. बंपरला आयता बाक होता, पोलाद होतं आणि ते हाताशी होतं. निवडीमागे एवढंच शास्त्र असावं, पण दिशा बरोबर ठरली, कारण पुढची तीसेक वर्षं स्की पोलादाचीच राहिली. पत्रा दाबून केलेली, वर ट्रकखाली असतात तसले पाटे.

या पोलादी स्कीच्या पोटाखाली वळणाला धरून राहील अशी एक सळई असायची. हीच ती धाव. बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावेसारखी तीही झिजायची आणि बदलायची. बर्फात ती बरीच टिके. पण बर्फाळ वाट एखाद्या रस्त्याला आडवी गेली की डांबरावर आणि खडीवर तिचा फडशा पडायचा. उपाय धातुकामाच्या कारखान्यांतून आला. जर्मनीतल्या क्रुपने १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात टंगस्टन कार्बाइड बाजारात आणलं होतं, ‘हिऱ्यासारखा’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून बेतलेल्या ‘विडिया’ या नावाने. टर्नर मंडळी आजही कार्बाइडच्या टोकाला विडियाच म्हणतात. त्याचे तुकडे धावेत बसवल्यावर टणक बर्फावरही गाडी वळू लागली. विस्कॉन्सिनमधल्या ईगल रिव्हरला १९६४ पासून शर्यती सुरू झाल्या होत्या, आणि काचेसारख्या गोठलेल्या मार्गावर पुढची पकड सुटणं म्हणजे शर्यत गेलीच.

साधारण १९७१ मध्ये स्नोमोबिलची वार्षिक विक्री पाच लाखांच्या घरात गेली. शंभरावर कारखाने या धंद्यात होते. दशक संपेपर्यंत त्यांतले बहुतेक बंद पडले.

खरा बदल १९८० मध्ये झाला, आणि तो स्कीत नव्हता, तिच्या वरच्या जोडणीत होता. पोलारिसने टीएक्स-एल इंडी ही गाडी काढली, तिच्यात दोन्ही स्कींना वेगवेगळं, स्वतंत्र सस्पेन्शन होतं. धक्का शोषायचं काम स्कीवरच्या पाट्यांकडून निघून वरच्या स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरकडे गेलं. याचे परिणाम दोन झाले. पाटे गेल्यामुळे स्की हा एका आडव्या बोल्टवर टांगलेला सुटा भाग झाला. बोल्ट काढा, जुनी खाली, नवी वर. आज बदली स्कीचा जो बाजार आहे तो या बोल्टवर उभा आहे, असं माझं मत. दुसरं म्हणजे गाडी खाचखळग्यांतून जोरात नेता येऊ लागली आणि स्प्रिंगच्या खाली लटकणारं प्रत्येक किलो जाणवू लागलं. त्यात पोलादी स्कीचं वजन मोठं.

पोलादाचा आणखी एक दोष तोवर नुसता सोसला जात होता. बाउडन आणि ह्यूज या संशोधकांनी १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखच्या बर्फात केलेल्या प्रयोगांतून दाखवलं होतं, की घसरणारी वस्तू घर्षणाच्या उष्णतेने तळाशी पाण्याचा बारीक थर तयार करते आणि त्या थरावरून सरकते. धातू ही उष्णता ओढून घेतो, मग थर नीट धरत नाही आणि घर्षण वाढतं. पोलादी स्कीला बर्फ चिकटतो तो यामुळेही. म्हणून आधी पोलादी स्कीखाली प्लास्टिकचं आवरण चढवायची पद्धत आली, नंतर पोलादच गेलं आणि अख्खी स्की अतिदीर्घ रेणूंच्या चिवट पॉलिइथिलीनची झाली. ती दगडावर आपटली तरी लवते आणि सहसा परत सरळ होते.

प्लास्टिकने आणखी एक दार उघडलं. पत्र्याला जो आकार देणं महाग तो प्लास्टिकला सहज देता येतो. मध्ये खोल कणा, कडेला खोबण, पोट आतून पोकळ, टोक रुंद, काहीही करा. प्रत्येकाने आपापला आकार काढला आणि आजचा गोंधळ सुरू झाला.

यातला सगळ्यात चर्चेचा आकार दोन कण्यांचा. कार्बाइडमुळे वाटांवर बारीक खोल चऱ्या पडू लागल्या होत्या. मागून येणाऱ्या गाडीची धाव त्या चरीत उतरली की बैलगाडीचं चाक चाकोरीत पडावं तशी गत. हँडल एकीकडे, गाडी दुसरीकडे. या झटक्यांना स्वार ‘डार्टिंग’ म्हणतात. एका स्कीला दोन कणे दिले की दोन्ही एकाच वेळी एकाच चरीत पडू शकत नाहीत, हा साधा हिशेब. सिमन्स कंपनीच्या फ्लेक्सी-स्कीमुळे ही रचना लोकांच्या तोंडी झाली. तिची किंमतही आहे: हँडल जड होतं आणि धावा दोनाच्या चार होतात.

दुसरी शाखा डोंगराकडे गेली. १९९४ च्या स्की-डू समिटसारख्या लांब पट्ट्याच्या गाड्या भुसभुशीत खोल बर्फात जायला लागल्या, तिथे वाटांवरची अरुंद स्की पाणबुडीसारखी खाली जायची. म्हणून सात-आठ इंच रुंदीची स्की आली. स्की-डूने तर आपल्या पायलट स्कींची नावंच इंचांत ठेवली: ५.७, ६.९, ७.४. लांबलचक नावं सुचवणाऱ्या जाहिरातवाल्यांनी हे कधीतरी शिकावं. नंतर त्याच कंपनीच्या पायलट टीएसमध्ये धाव किती खाली यावी हे फिरवून ठरवता येऊ लागलं, म्हणजे तरंगण्याचं आणि रुतण्याचं भांडण स्वारावरच सोपवलं.

कारखान्यातून गाडीला लागून येणारी स्की अर्थातच मधला मार्ग काढते. बदली स्की घेणारा बाजू निवडतो. टणक, घोटलेल्या वाटांवर फिरणाऱ्याने अरुंद स्की आणि खोल कणा घ्यावा, भुसभुशीत बर्फात जाणाऱ्याने रुंद स्की. दोन्हीकडे जाणाऱ्याने मूळचीच ठेवावी, हे विकणारा सांगणार नाही. गाडी झटके देते म्हणून नव्या स्की घेणाऱ्यांतल्या अनेकांची खरी तक्रार झिजलेल्या धावेची, ढिल्या बुशची (बोल्टभोवतीच्या नळीची) किंवा दोन स्कींच्या बिघडलेल्या रोखाची असते. ते आधी तपासावं.

आणि तो बोल्ट. प्रत्येक कंपनीचा व्यास वेगळा, स्कीवरच्या खोगिराची, म्हणजे बोल्ट जातो त्या जोडाची, रुंदी वेगळी, त्यामुळे त्या-त्या मॉडेलचा जोडसंच मागून घ्यावा लागतो. संचात एक रबरी ठोकळाही असतो. तो स्कीचं टोक वर धरून ठेवतो. उलटा बसवला तर हवेत उडालेल्या गाडीची स्की टोक खाली करून उतरते आणि बर्फात भाल्यासारखी घुसते.